दुरुस्त केलेला कोड बिल्डमध्ये येत नाही, तेव्हा घड्याळ तपासा

‘एक देश, एक वेळ’ ही घोषणा गेली काही वर्षे बातम्यांत अधूनमधून दिसते. २८ एप्रिल २०२२ रोजी केंद्राच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा यंत्रणेने एक आदेश काढला. कंपन्या, डेटा सेंटर आणि इंटरनेट सेवा देणाऱ्यांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा नवी दिल्लीतल्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवावीत, निदान त्यांच्यापर्यंत माग लागेल अशा सर्व्हरशी तरी जुळवावीत, असे त्यात म्हटले होते. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी खुला केला.

अशी बातमी वाचली की अनेकांच्या मनात एकच प्रश्न येतो: संगणक आपली वेळ आपोआप लावून घेतोच, मग दोन-चार सेकंदांच्या फरकाने काय बिघडते? बँकेच्या व्यवहारात किंवा शेअर बाजारात काय बिघडते हे पटकन लक्षात येते. मला मात्र कमी चर्चेतल्या एका जागेबद्दल लिहायचे आहे. आपण वापरतो ती सगळी सॉफ्टवेअर जिथे तयार होतात, त्या बिल्ड मशीनबद्दल. तिथे काही सेकंदांच्या फरकामुळे दुरुस्त केलेली चूक दुरुस्त न होताच ग्राहकापर्यंत जाऊ शकते, आणि जाताना कुठेही लाल दिवा लागत नाही.

बिल्ड म्हणजे काय

प्रोग्रामर लिहितो तो कोड माणसाला वाचता येतो, पण संगणकाला तो तसाच चालवता येत नाही. त्याचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करावे लागते, म्हणजे तो कंपाइल करावा लागतो. मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये हजारो फाइली असतात. प्रत्येक फाइल कंपाइल होऊन तिची एक ऑब्जेक्ट फाइल बनते आणि शेवटी त्या सगळ्या जोडून एक प्रोग्राम तयार होतो. या सगळ्या खटाटोपाला बिल्ड म्हणतात.

दिवाळी अंकाचा छापखाना डोळ्यांसमोर आणा. अंकात चाळीस लेख आहेत, सगळे जुळवून तयार आहेत. संपादकांनी एका लेखात दोन ओळी बदलल्या, तर सगळा अंक पुन्हा कोणी जुळवत नाही. तेवढाच फर्मा बदलतात. पण कुठला फर्मा बदलायचा हे ठरवायचे कसे? साधा उपाय असा की प्रत्येक हस्तलिखितावर शेवटच्या दुरुस्तीची वेळ लिहायची आणि प्रत्येक फर्म्यावर तो जुळवल्याची वेळ. हस्तलिखित फर्म्यापेक्षा नवे दिसले तर फर्मा पुन्हा जुळवायचा, नाहीतर हात लावायचा नाही. छापखान्यात एकच भिंतीवरचे घड्याळ असेपर्यंत ही पद्धत चोख चालते. संपादक एका इमारतीत आणि जुळारी दुसऱ्या इमारतीत बसले, आणि दोघांनी आपापले घड्याळ पाहून वेळ टाकली, की घोळ सुरू होतो.

संगणकात हे काम फाइल-सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची व्यवस्था ठेवणारी यंत्रणा, करते. फाइल बदलली की तिच्यावर त्या क्षणाची वेळ नोंदली जाते. या नोंदीला टाइमस्टॅम्प म्हणतात. पुढे मी तिला नुसता ‘शिक्का’ म्हणेन.

एका वाया गेलेल्या सकाळीची गोष्ट

शिक्के पाहून बिल्ड करणारे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे ‘मेक’. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिले. त्यामागचे कारण आजच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन एक सकाळ एका प्रोग्राममधली चूक शोधत बसले होते. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहून गेली होती. म्हणजे बरोबर असलेल्या कोडमध्ये ते चूक शोधत होते. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी हाच मनस्ताप झाला होता. माणसाला हे लक्षात ठेवावे लागू नये म्हणून त्यांनी त्या आठवड्याच्या शेवटी मेक लिहिले. या कामासाठी त्यांना २००३ चा एसीएम सॉफ्टवेअर सिस्टीम पुरस्कार मिळाला.

मेकचा नियम एका ओळीचा आहे: मूळ फाइल ऑब्जेक्ट फाइलपेक्षा नवी असेल तर पुन्हा कंपाइल कर, नाहीतर सोडून दे. जवळपास पन्नास वर्षे हा नियम जगभर चालतो आहे, कारण तो झटपट आहे. फाइल उघडून वाचावी लागत नाही, दोन आकड्यांची तुलना केली की काम झाले. या नियमाचा भरवसा मात्र एका न बोललेल्या अटीवर आहे. दोन्ही शिक्के एकाच घड्याळाने मारलेले असले पाहिजेत. ही अट मोडली की जॉन्सन यांची ती सकाळ पुन्हा आपल्या वाट्याला येते.

दोन यंत्रे, दोन घड्याळे

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. कोड एका फाइल सर्व्हरवर आहे आणि त्याचे घड्याळ अचूक आहे. बिल्ड दुसऱ्या यंत्रावर होते. तिथे ऑब्जेक्ट फाइली त्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर बनतात आणि त्याचे घड्याळ दोन मिनिटे पुढे आहे.

खऱ्या दहा वाजता बिल्ड झाले. ऑब्जेक्ट फाइलवर शिक्का पडला १०:०२. एका मिनिटाने, म्हणजे १०:०१ ला, प्रोग्रामरने चूक दुरुस्त केली. सर्व्हरने मूळ फाइलवर शिक्का मारला १०:०१. मग प्रोग्रामरने पुन्हा बिल्ड चालवले. मेकने पाहिले, ऑब्जेक्ट फाइल १०:०२ ची, मूळ फाइल १०:०१ ची. ऑब्जेक्ट नवी दिसते आहे, काही करायची गरज नाही. दुरुस्ती बाहेरच राहिली. ती फाइल कोणी पुन्हा बदलेपर्यंत किंवा सगळे पुसून बिल्ड करेपर्यंत ती बाहेरच राहील.

आता उलट बाजू पाहू. बिल्ड यंत्राचे घड्याळ दोन मिनिटे मागे आहे. नुकतीच बदललेली मूळ फाइल त्याला भविष्यातली वाटते. मेक ती फाइल उगाचच पुन्हा पुन्हा कंपाइल करते आणि इशाराही देते: फाइलचा शिक्का भविष्यातला आहे, घड्याळांत फरक आढळला, बिल्ड अपुरे असू शकते. यात वेळ वाया जातो, पण निकाल बरोबर येतो.

या दोन उदाहरणांवर जरा थांबावे असे मला वाटते. निरुपद्रवी फरक ओरडून सांगतो आणि घातक फरक गप्प बसतो. पहिल्या उदाहरणात इशारा का आला नाही? बिल्ड यंत्राच्या घड्याळात तेव्हा १०:०३ वाजलेले होते, त्यामुळे त्याच्या दृष्टीने कुठलाच शिक्का भविष्यातला नव्हता. म्हणूनच ‘इशारा येत नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ असे मानणे धोक्याचे आहे. आणि इशारा आला तर तो कटकट म्हणून झटकूही नये. यंत्रांची घड्याळे एकमेकांशी जुळत नाहीत याचा तो पुरावा असतो. आज फरक निरुपद्रवी दिशेला आहे, उद्या दुसरे यंत्र वापरले की तो दिशा बदलेल.

मग सगळ्या फाइली एकाच सर्व्हरवर ठेवल्या तर?

बराच फायदा होतो. एनएफएससारख्या नेटवर्कवरच्या फाइल-सिस्टीममध्ये लिहिलेल्या फाइलवर साधारणपणे सर्व्हर स्वतःच्या घड्याळाचा शिक्का मारतो. मूळ फाइल आणि ऑब्जेक्ट फाइल दोन्ही तिथेच असतील तर घड्याळ एकच राहते. पण मग प्रत्येक फाइल नेटवर्कवरून ये-जा करते आणि बिल्ड मंदावते. म्हणूनच तर लोक ऑब्जेक्ट फाइली स्थानिक डिस्कवर ठेवतात. शिवाय, एनएफएस वापरणारे यंत्र फाइलचा शिक्का दरवेळी सर्व्हरला विचारत नाही. लिनक्सवर ही माहिती एरवी ३ ते ६० सेकंदांपर्यंत जपून ठेवली जाते. एका यंत्रावर बदललेली फाइल दुसऱ्या यंत्राला थोडा वेळ जुनीच दिसू शकते, घड्याळे कितीही जुळलेली असोत.

पण घड्याळ चुकतेच का?

संगणकातले घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकावर चालते. त्याची कंपने मोजून सेकंद ठरतो. स्फटिक स्वस्त असतो, आणि तापमान बदलले की त्याची गतीही किंचित बदलते. दहा लाखांत वीस इतकी चूक अगदी सामान्य मानली जाते. आकडा किरकोळ वाटतो, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर रोजची चूक पावणेदोन सेकंदांच्या घरात जाते आणि महिन्याला पन्नास सेकंदांच्या आसपास. शेजारच्या यंत्राचे घड्याळ उलट दिशेने चुकत असेल तर दोघांमधला फरक दुप्पट.

म्हणून घड्याळ एकदा लावून भागत नाही, ते सतत लावत राहावे लागते. त्यासाठी एनटीपी हा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना वेळ विचारण्याची ठरलेली पद्धत, आहे. डेलावेअर विद्यापीठातले डेव्हिड मिल्स यांनी तो घडवला, १९८५ मध्ये त्याचे पहिले औपचारिक वर्णन प्रसिद्ध झाले, आणि आजही इंटरनेटवरची बहुतेक यंत्रे त्यावरच चालतात. त्यामागची कल्पना फार सुंदर आहे. माझे यंत्र सर्व्हरला विचारते, ‘किती वाजले?’ उत्तर येईपर्यंत वेळ निघून गेलेली असते, मग ते उत्तर वापरायचे कसे? एनटीपी चार क्षणांच्या वेळा नोंदवते: प्रश्न निघाला तेव्हा माझे घड्याळ, प्रश्न पोहोचला तेव्हा सर्व्हरचे घड्याळ, उत्तर निघाले तेव्हा सर्व्हरचे घड्याळ आणि उत्तर पोहोचले तेव्हा माझे घड्याळ. या चार आकड्यांतून प्रवासाला लागलेला वेळ आणि घड्याळांतला फरक, दोन्ही काढता येतात.

त्यात एक गृहीत आहे. जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागतो असे धरलेले असते. जाताना १० मिलिसेकंद आणि येताना ५० लागले, तर हिशेब २० मिलिसेकंदांनी चुकतो आणि यंत्राला ते कळायला मार्ग नसतो. मेकसाठी एवढी चूक बहुधा चालते, पण ‘एनटीपी लावले म्हणजे फरक शून्य’ हा समज बरोबर नाही.

दुसरी अडचण दुरुस्तीची. घड्याळ पुढे गेलेले आढळले तर ते एकदम मागे ओढायचे का? तसे केले तर काही सेकंद ‘पुन्हा’ येतात. समजा १०:००:०५ ला ऑब्जेक्ट फाइल बनली, लगेच घड्याळ ३० सेकंद मागे ओढले गेले आणि दहा सेकंदांनी मी मूळ फाइल बदलली. तिच्यावर शिक्का पडेल ९:५९:४५. यंत्र एकच, तरीही दुरुस्ती हुकली. म्हणून एनटीपीचा जुना, प्रचलित प्रोग्राम लहान फरक हळूहळू मिटवतो. तो घड्याळाची गती जास्तीत जास्त दहा लाखांत ५०० इतकीच बदलतो. एक सेकंदाचा फरक मिटायला अशाने सुमारे ३३ मिनिटे लागतात. फरक १२८ मिलिसेकंदांच्या वर गेला आणि तसाच टिकला, तर मात्र तो एरवी घड्याळ एका झटक्यात हलवतो. बिल्ड चालू असताना हा झटका बसू नये यासाठी वेळ जुळवण्याची सेवा यंत्र सुरू होतानाच सुरू करावी. ‘रात्री एकदा घड्याळ लावून घेऊ’ ही पद्धत टाळावी.

‘आमची यंत्रे क्लाउडमध्ये आहेत, तिथे हे आपोआप होते’

बऱ्याच अंशी खरे आहे. मोठ्या क्लाउडमध्ये वेळेची सेवा यंत्राच्या अगदी जवळ मिळते. तरी तीन जागा सुटतात.

व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एका यंत्राच्या पोटात सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे यंत्र, थांबवून ठेवले आणि नंतर जागे केले की त्याचे घड्याळ काही काळ मागे राहू शकते. लॅपटॉप झाकून दुपारचे जेवण करून आलेल्या अनेकांना हे भेटलेले असते: डब्ल्यूएसएल किंवा डॉकर या साधनांच्या पोटात चालणारे लिनक्स अजून सकाळीच असते. अशा वेळी पॅकेज, म्हणजे तयार सॉफ्टवेअरचे गठ्ठे, उतरवताना त्यांच्या यादीबद्दल ‘ही यादी अजून वैध झालेली नाही, इतक्या तासांनी होईल’ अशी चक्रावणारी तक्रार येते. यादी बरोबर असते, आपले ‘आत्ता’ जुने असते. सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रेही याच कारणाने नाकारली जाऊ शकतात.

दुसरी जागा म्हणजे कार्यालयाचे फायरवॉल. एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे नेटवर्कच्या एका ठरलेल्या दारातून, चालते, आणि तो पोर्ट अनेक ठिकाणी बंद असतो. सेवा ‘चालू’ दिसते, पण तिला उत्तरच मिळत नसते. घड्याळ निवांतपणे भरकटत राहते.

तिसरी, प्रोग्रामरचे स्वतःचे यंत्र. बिल्ड सर्व्हरची देखभाल कोणाच्या तरी गळ्यात असते, लॅपटॉपच्या घड्याळाला मात्र कोणी वाली नसतो.

टाइमझोनचा यात काही हात आहे का?

पुण्यातून लिहिलेला कोड सॅन होजेच्या यंत्रावर बिल्ड होतो, तेव्हा साडेतेरा तासांचा फरक पडत असेल ना? नाही. युनिक्स घराण्यातल्या फाइल-सिस्टीम १ जानेवारी १९७० च्या जागतिक प्रमाणवेळेपासून किती सेकंद झाले तेवढेच नोंदवतात. पुणे असो वा कॅलिफोर्निया, आकडा तोच. टाइमझोन फक्त आपल्याला दाखवताना लावला जातो.

अपवाद दोन, आणि दोन्ही रोजच्या वापरातले. पेनड्राइव्हवरची जुनी फॅट फाइल-सिस्टीम आणि साध्या पद्धतीने बनवलेली झिप फाइल, या दोन्हींत स्थानिक वेळ नोंदलेली असते आणि ती कुठल्या टाइमझोनची हे लिहिलेले नसते. पुण्यात दुपारी तीनला बदललेली फाइल अशा झिपमधून लगेच कॅलिफोर्नियात पाठवली आणि तिथे उघडली, तर तिच्यावर ‘दुपारी तीन’ हाच शिक्का राहतो. तिथे तेव्हा पहाटेचे दीड वाजलेले असतात (उन्हाळ्यात अडीच). फाइल थेट भविष्यातून आलेली.

घड्याळे अगदी जुळली तरी

माझ्या मते खरा मुद्दा इथे सुरू होतो. सगळ्या यंत्रांची घड्याळे तंतोतंत जुळवली, तरी शिक्क्याच्या भरवशावर चालणारे बिल्ड चुकू शकते.

पहिले कारण शिक्क्याचा ठोकळपणा. फॅटमध्ये शिक्का दोन सेकंदांच्या पटीत असतो, लिनक्सच्या ईएक्सटी३ मध्ये एका सेकंदाच्या. ईएक्सटी४ मध्ये नॅनोसेकंद लिहिण्याची सोय आहे. आजचे यंत्र एका सेकंदात कितीतरी फाइली तयार करते आणि बदलते. दोन शिक्के समान आले की मेक ‘काही बदललेले नाही’ असे धरते.

दुसरे कारण अधिक खोल आहे. शिक्का म्हणजे फाइलच्या मजकुराचा इतिहास नव्हे. बॅकअपमधून मागच्या आठवड्याची फाइल तिच्या मूळ शिक्क्यासह परत आणली, तर मजकूर बदलला पण शिक्का जुना, आणि मेकला काही कळत नाही. याच्या उलट, कोडच्या सगळ्या आवृत्त्या सांभाळणारे गिट हे साधन फाइलींचे शिक्के जपतच नाही. कोड नव्याने उतरवला की प्रत्येक फाइलवर उतरवल्याची वेळ पडते. प्रत्येक बिल्डसाठी कोड नव्याने उतरवणाऱ्या यंत्रांवर यामुळे जपून ठेवलेल्या ऑब्जेक्ट फाइली नेहमीच ‘जुन्या’ ठरतात आणि सगळे पहिल्यापासून कंपाइल होते. त्यावर काहीजण युक्ती काढतात: प्रत्येक फाइलला तिच्या शेवटच्या कमिटची, म्हणजे गिटमध्ये नोंदलेल्या बदलाची, वेळ शिक्का म्हणून द्यायची. ही युक्ती मला घातक वाटते. दुसऱ्या ब्रँचवर, म्हणजे त्याच कोडच्या समांतर शाखेवर, गेल्यावर मजकूर वेगळा, पण कमिट जुने, म्हणजे शिक्काही जुना. दुरुस्ती पुन्हा बाहेर.

संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवून दिले होते की वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांचा क्रम भिंतीवरच्या घड्याळाशिवायही लावता येतो. कशातून काय निघाले याचा माग ठेवला की पुरते. बिल्डलाही नेमके तेवढेच हवे असते: ही ऑब्जेक्ट फाइल कुठल्या मजकुरातून बनली?

वेळेऐवजी मजकूर विचारला तर

फाइलच्या मजकुरावरून गणिताने एक ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. एक अक्षर बदलले तरी ठसा पार बदलतो. गूगलने २०१५ मध्ये खुले केलेले बेझल हे बिल्डचे साधन याच ठशांवर चालते. ठसा तोच असेल तर दुसऱ्या यंत्राने आधी बनवलेली ऑब्जेक्ट फाइलही बिनधास्त वापरता येते. ती कधी बनली, कोणाच्या घड्याळानुसार बनली, याला महत्त्वच उरत नाही. त्याच्या बरेच आधी आलेले डिस्टसीसी हे अनेक यंत्रांवर कंपाइल वाटून देणारे साधनही घड्याळे जुळलेली असावीत अशी अट घालत नाही. ते कोडचा पूर्ण मजकूरच दुसऱ्या यंत्राकडे पाठवते. फाइलींची तुलना तिथे होतच नाही.

हजारो फाइली वाचून ठसे काढायला वेळ लागेल, हा आक्षेप रास्त आहे. गिटने त्यावर काढलेला मधला मार्ग मला आवडतो. शिक्का आणि आकार दोन्ही तेच असतील तर गिट फाइल वाचत नाही. पण शिक्का गिटच्या स्वतःच्या शेवटच्या नोंदीच्या क्षणाशी जुळत असेल, म्हणजे त्याच क्षणात पुन्हा बदल होऊन गेल्याचा संशय असेल, तर ते शिक्क्यावर विसंबत नाही आणि मजकूर तपासते. शिक्का इशाऱ्यापुरता घ्यायचा आणि संशय आला की मजकुराकडे जायचे.

वेळेचा आणखी एक त्रास तयार मालातच उतरतो. अनेक प्रोग्राम आपल्या पोटात ‘अमुक वाजता बिल्ड केले’ असे लिहून ठेवतात. त्यामुळे एकाच कोडची दोन बिल्ड कधीच सारखी निघत नाहीत. २०२० मध्ये सोलरविंड्स या अमेरिकी सॉफ्टवेअर कंपनीच्या प्रकरणात बिल्डच्या टप्प्यावरच घातक कोड घुसवला गेला होता. असा प्रकार पकडण्याचा एक खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतंत्र यंत्रावर तोच कोड बिल्ड करून दोन्ही निकाल ताडून पाहणे. पोटातली वेळ वेगळी असेल तर ही तुलनाच निकामी होते. म्हणून डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीसारख्या प्रकल्पांनी एक ठराव केला: बिल्डमध्ये ‘आत्ताची’ वेळ घालायची नाही, कोडच्या शेवटच्या बदलाची ठरलेली वेळ घालायची.

आपल्या यंत्रांवर काय करावे

बिल्डमध्ये भाग घेणारी सगळी यंत्रे, लॅपटॉप धरून, एकाच स्रोताशी जुळवा. सर्ट-इनचा आदेश लागू असेल तर तो स्रोत कोणता, हे ठरलेलेच आहे. सेवा चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नका, प्रत्यक्ष फरक किती आहे तो आकडा पाहा. क्रोनी किंवा वेळ जुळवणारा तत्सम प्रोग्राम तो एका आज्ञेत दाखवतो. फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर बिल्ड सुरूच होऊ नये अशी अट घालणे त्याहून चांगले. ग्राहकाला द्यायचे बिल्ड नेहमी रिकाम्या फोल्डरमध्ये, पहिल्यापासून करा. जुन्या ऑब्जेक्ट फाइलींवर विसंबायचे ते फक्त रोजच्या कामापुरते.

आणि घड्याळ दुरुस्त केल्यावर लगेच बिल्ड चालवू नका. चुकीच्या घड्याळाने आधी मारलेले शिक्के तसेच राहिलेले असतात. तासभर पुढे असलेल्या यंत्राने बनवलेल्या ऑब्जेक्ट फाइली पुढचा तासभर, घड्याळ अचूक असतानाही, नव्या दुरुस्त्या अडवत राहतील. आधी सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि जपून ठेवलेले कॅशे पुसा, भविष्यातला शिक्का असलेली एखादी मूळ फाइल उरली आहे का ते शोधून तिला आत्ताची वेळ द्या, आणि मगच बिल्ड चालवा.